घरच्या व्यवसायाचे संकेतस्थळ : नाव कोणाच्या नावे?

शापोरा नदी जेथे समुद्रास मिळते तेथे, तिच्या उत्तर तीरावर, मोरजी हे गाव वसले आहे. पेडणे तालुक्यातील या किनारी गावाचे वर्ष आता सरळसरळ दोन भागांत विभागले गेले आहे. पाऊस ओसरला की माडांखालच्या घरांना रंग लागतो, अंगणातील खोल्यांची कुलुपे निघतात, गाद्यांना ऊन दाखवले जाते. आणि मे महिना सरता सरता तीच कुलुपे पुन्हा चढतात. मधल्या सात-आठ महिन्यांत जे हाती येईल त्यावर पुष्कळ कुटुंबांचे वर्ष निघते. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथे प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. विमानतळ असा तालुक्यातच आल्यावर घराच्या दोन खोल्या पाहुण्यांस देण्याचा, खाजे-कोकमाचे पदार्थ विकण्याचा किंवा होडीतून नदीची सफर घडविण्याचा विचार अनेकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अशा प्रत्येक नव्या व्यावसायिकापुढे आरंभीच एक प्रश्न उभा राहतो. आपल्या व्यवसायाचे संकेतस्थळ, म्हणजेच वेबसाइट, करून घ्यावी काय, आणि घ्यावयाची तर ती कशी?

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, खोल्या आरक्षित करून देणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत, समाजमाध्यमांवर फुकट पान उघडता येते, मग स्वतःच्या संकेतस्थळाचा खर्च कशासाठी? आक्षेप वाजवी आहे. नव्या माणसाला पहिले गिऱ्हाईक बहुधा अशाच मार्गाने मिळते आणि तो मार्ग सोडण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, सारा व्यवसाय त्या एकाच मार्गावर उभा करावा काय? गोव्याच्या किनाऱ्याचा गेल्या काही वर्षांचा अनुभव या बाबतीत बोलका आहे.

गोव्यात परदेशी पर्यटकांना घेऊन येणारी चार्टर विमाने १९८७ साली सुरू झाली. पुढे हा व्यवहार इतका वाढला की, दूरदेशीच्या एखाद्या प्रवासी कंपनीने किती माणसे पाठवायची ठरवली यावर किनाऱ्यावरील हंगाम ठरू लागला. २३ सप्टेंबर २०१९ रोजी ब्रिटनची थॉमस कूक ही जुनी कंपनी एका रात्रीत बंद पडली. गोव्याचा हंगाम तेव्हा तोंडावर होता. या कंपनीमार्फत येणाऱ्या पाहुण्यांवर ज्यांची मदार होती, त्यांना ते पाहुणे कोण, कोठले, पुन्हा येऊ इच्छितात की नाही, हे विचारण्याचीही सोय नव्हती. कारण पाहुण्यांचे पत्ते कंपनीपाशी होते, घरमालकापाशी नव्हते. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धापाठोपाठ एअरबीएनबी आणि बुकिंग डॉट कॉम या दोन्ही कंपन्यांनी रशियातील आपले काम थांबविले, आणि रशियात दिलेली व्हिसा व मास्टरकार्डची कार्डे देशाबाहेर चालेनाशी झाली. मोरजी-आश्वे पट्ट्यात रशियन पाहुण्यांची इतकी वस्ती की, तेथे दुकानांच्या पाट्या आणि खाणावळींची पत्रकेही रशियन लिपीत दिसतात. त्या गावाला या गोष्टीचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. दूर कोठे तरी घेतलेल्या एका निर्णयाने ओळखीच्या पाहुण्याकडे जाणारी वाट बंद झाली. ज्याच्यापाशी स्वतःचे संकेतस्थळ, स्वतःचा ईमेलचा पत्ता आणि जुन्या पाहुण्यांची यादी होती, त्याला निदान पत्रव्यवहार तरी चालू ठेवता आला.

पेडण्याच्या वाचकाला ही स्थिती एका परिचित शब्दात सांगता येईल. परक्याच्या मंचावर व्यवसाय मांडणारा हा भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणाऱ्या मुंडकारासारखा आहे. घर त्याचे, कष्ट त्याचे, जमीन दुसऱ्याची. भेद इतकाच की, खऱ्या मुंडकाराला १९७५ च्या मुंडकार कायद्याने बेदखलीपासून संरक्षण दिले, संगणकाच्या जगातील मुंडकाराला तसे कोणतेही संरक्षण नाही. त्याचे पान मंचाच्या मालकाने बंद केले तर त्याने तक्रारीचा अर्ज भरावा आणि वाट पाहावी. त्यात खंडणीचा, म्हणजे कमिशनचाही हिशेब आहे. आरक्षण करून देणाऱ्या कंपन्या साधारणतः पंधरा ते वीस टक्के, क्वचित त्याहूनही अधिक रक्कम घेतात. समजा, एका खोलीचे भाडे दिवसाला २,५०० रुपये आहे आणि हंगामात ती १०० दिवस लागली. अडीच लाखांच्या उत्पन्नावर १८ टक्क्यांनी ४५,००० रुपये कमिशन होते. यांतील निम्मे पाहुणे जरी दुसऱ्या वर्षी थेट घरमालकाकडे आले तरी संकेतस्थळाचा खर्च निघून काही उरावे.

मात्र स्वतःचे म्हणून जे संकेतस्थळ करून घेतले ते खरोखर स्वतःचे असते काय? येथेच बहुतेकांची फसगत होते, आणि ती कोणी मुद्दाम केलेली असतेच असे नाही. ओळखीचा मुलगा असतो, म्हापशाला किंवा पणजीला काम करणारा. तो म्हणतो, ‘काळजी नको, सगळे मी बघतो.’ तो सगळे बघतो म्हणजे नाव स्वतःच्या खात्यातून नोंदवतो, जागा स्वतःच्या खात्यात घेतो, परवलीचे शब्द स्वतःपाशी ठेवतो. दोन वर्षांनी त्याला आखातात नोकरी लागते, त्याचा जुना दूरध्वनी क्रमांक बंद होतो, आणि तिसऱ्या वर्षी ऐन नाताळात घरमालकाचे संकेतस्थळ दिसेनासे होते. भांडण नाही, लबाडी नाही. तरी नुकसान व्हायचे ते होतेच.

हे टाळण्यासाठी संकेतस्थळ म्हणजे काय हे थोडे समजून घेतले पाहिजे. जगातील पहिले संकेतस्थळ टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत सुरू केले. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. तंत्र तेव्हापासून पुष्कळ पुढे गेले, परंतु मूळ रचना तीच आहे. संकेतस्थळात तीन वेगवेगळ्या वस्तू असतात. पहिली वस्तू नाव, ज्याला डोमेन म्हणतात. दुसरी जागा, म्हणजे अहोरात्र चालू असणाऱ्या एखाद्या संगणकावर भाड्याने घेतलेला कोपरा; हिला होस्टिंग म्हणतात आणि तो संगणक मुंबईत असेल किंवा सिंगापुरातही असेल. तिसरी वस्तू म्हणजे त्या जागेत मांडलेले सामान : मजकूर, छायाचित्रे आणि पाने चालविणारी संगणकीय आज्ञावली. पाहुणा नाव टंकित करतो, नावावरून संगणकाचा क्रमांक शोधला जातो, त्या संगणकावरील सामान पाहुण्याच्या भ्रमणध्वनीवर दिसते. भाड्याची जागा उद्या बदलता येईल, सामान पुन्हा मांडता येईल. नाव गेले तर मात्र पाट्यांवर, पत्रिकांवर आणि लोकांच्या तोंडी असलेले सर्वच गेले. म्हणून तिन्हींत नाव महत्त्वाचे.

नाव विकत मिळत नाही, ते ठरावीक मुदतीसाठी नोंदविले जाते. एका वेळी एक ते दहा वर्षांची मुदत घेता येते. ‘डॉट इन’ या शेवटाच्या नावांची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया अर्थात निक्सी ही संस्था पाहते. ही नावे २००५ पासून सर्वांना खुली झाली, आणि देवनागरीतील ‘डॉट भारत’ २०१४ मध्ये आले. प्रत्यक्ष नोंदणी मान्यताप्राप्त कंपनीकडे करावयाची असते. तिलाही रजिस्ट्रारच म्हणतात, पण म्हापशाच्या कचेरीतील सब-रजिस्ट्रारशी तिचा काही संबंध नाही. खर्च वर्षाकाठी काही शे रुपयांपासून दीड हजारापर्यंत येतो. पहिल्या वर्षी नाममात्र दर आणि दुसऱ्या वर्षापासून दुप्पट-तिप्पट, अशी रीत सर्रास आहे. म्हणून नूतनीकरणाचा दर आधी विचारावा.

नोंदणीच्या वेळी जो अर्ज भरला जातो त्यात नोंदणीधारक म्हणून कोणाचे नाव लिहिले आहे, यावर सर्व अवलंबून आहे. जमिनीच्या बाबतीत गोमंतकीय माणूस एक-चौदाचा उतारा पाहिल्याशिवाय बयाणा देत नाही. तीच सावधगिरी येथे हवी. नोंदणीधारक मालक स्वतः असावा. ईमेल मालकाचा असावा आणि तो रोज उघडला जाणारा असावा. भ्रमणध्वनी क्रमांक मालकाचा असावा. पैसेही मालकाच्याच खात्यातून जावेत, म्हणजे पावती त्याच्या नावे येते. तांत्रिक संपर्क म्हणून कारागिराचे नाव घालण्यास हरकत नाही. पेशाने होडीवाला किंवा खानावळ चालविणारी बाई असली तरी हा अर्ज भरणे अवघड नाही. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि शेजारच्या शाळामास्तरांना किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलीला जवळ बसवून ते घरीच करता येते. संकेतस्थळ दुसऱ्याने बांधावे. नाव मात्र आधी स्वतः नोंदवून मग कारागिराकडे जावे.

जागेचे खातेही याच रीतीने मालकाच्या नावे असावे. कारागिराला काम करण्यासाठी स्वतंत्र प्रवेश देता येतो आणि काम संपल्यावर तो काढून घेता येतो. घराची एकच किल्ली गवंड्याच्या खिशात ठेवून कोणी मुंबईला जात नाही.

तिसऱ्या वस्तूच्या, म्हणजे सामानाच्या, मालकीविषयी मोठा गैरसमज आहे. पैसे दिले म्हणजे वस्तू आपली, असे व्यवहारात मानले जाते. लेखाधिकार कायदा, १९५७ वेगळे सांगतो. मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेतले असेल, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला मालक ते काढवून घेणाराच ठरतो. परंतु लिहिलेला मजकूर आणि आज्ञावली यांचे तसे नाही. पगारी नोकर नसलेल्या स्वतंत्र कारागिराने ती तयार केली, तर पहिला मालक तो कारागीर असतो. ते हक्क मालकाकडे यावयाचे तर तसे लेखी लिहून त्यावर कारागिराची सही हवी. त्या कागदावर मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नाही तर केवळ भारत धरतो. संकेतस्थळ तर मॉस्कोतही दिसते. म्हणून ‘सर्व हक्क कायमचे व जगभरासाठी मालकाकडे दिले’ अशा अर्थाचे वाक्य करारात असणे आवश्यक आहे. तयार मिळणारे साचे आणि खुली आज्ञावली वापरली असेल तर ती अर्थातच तिच्या मूळ परवान्याप्रमाणेच राहील. कारागिराने तिची यादी द्यावी.

करार दोन पानांपेक्षा मोठा असण्याचे कारण नाही. किती पाने, कोणत्या भाषा, किती तारखेपर्यंत, पुढील दुरुस्तीचा दर काय, आणि हप्ते कसे, एवढे त्यात असावे. हप्ते तीन असावेत व शेवटचा सर्व परवलीचे शब्द आणि संपूर्ण सामानाची एक प्रत हाती आल्यावरच द्यावा. कारागिराच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मजकूर आणि छायाचित्रे वेळेवर न देता ‘अजून का झाले नाही’ असे विचारणारे मालक पुष्कळ असतात, आणि दिरंगाईचे खापर उगाच त्याच्यावर फुटते.

आता मजकुराकडे वळू. मोरजीसारख्या गावी पहिली अडचण गावाच्या नावापासूनच आहे. कोकणी-मराठीत गाव मोरजी. रोमन लिपीत लिहिताना पोर्तुगीज काळापासून शेवटी ‘एम’ हे अक्षर आले. पोर्तुगीज भाषेत ते अक्षर केवळ नाकात उच्चारलेल्या स्वराची खूण आहे; इंग्रजी वाचणाऱ्याने त्याचा स्पष्ट ‘म’ केला. त्यामुळे मोरजीचे मोरजिम, पेडण्याचे पेर्नेम आणि मांद्र्याचे मांद्रेम झाले; हरमलचे तर आरांबोल होऊन ओळखही पटेनाशी झाली. कोल्हापूर-बेळगावकडून येणारे कुटुंब एका नावाने शोधते, दिल्लीचा व परदेशचा पाहुणा दुसऱ्या. संकेतस्थळाच्या मजकुरात दोन्ही नावे असली पाहिजेत. स्वतःच्या व्यवसायाचे नाव मात्र असे घ्यावे की, दूरध्वनीवर एकदा सांगितले तर ऐकणाऱ्याला लिहिता यावे.

मराठी मजकूर युनिकोड पद्धतीनेच टंकित केलेला असावा. पंचायतीत, छापखान्यात व शाळांत अजूनही जुन्या अक्षरसंचांत टंकन केलेले कागद सापडतात. ते कागदावर सुंदर दिसतात, पण संकेतस्थळावर चिकटवताच त्यांची निरर्थक चिन्हे होतात आणि शोधयंत्राला त्यांतील एक शब्दही सापडत नाही. रशियन किंवा अन्य भाषेतील मजकूर यंत्राने भाषांतरित केला असेल तर ती भाषा जाणणाऱ्या एका जुन्या पाहुण्याकडून तो वाचवून घ्यावा. असा पाहुणा मोरजीत दुर्मिळ नाही.

बाकी मजकुरात विशेषणांपेक्षा माहिती हवी. समुद्र घरापासून किती मिनिटांवर, खोलीला पायऱ्या किती, पावसाळ्यात घर उघडे असते काय, हंगामाचे आणि नाताळाचे दर कोणते, हे स्वच्छ लिहिले की निम्मे दूरध्वनी वाचतात. गोव्यात आता विमानतळ दोन आहेत. तिकिटावर मोपासाठी ‘जीओएक्स’ आणि दाबोळीसाठी ‘जीओआय’ ही अक्षरे असतात. मोरजीला येणाऱ्याने पहिली पाहावी, एवढे एक वाक्य लिहिले तरी कितीतरी पाहुण्यांचा फेरा टळेल. रेल्वेने येणाऱ्यास पेडणे व थिवी ही स्थानके, आणि म्हापशाकडून येणाऱ्यास शिवोली-चोपडे पूल सांगावा. छायाचित्रे भ्रमणध्वनीवर काढलेली चालतील, परंतु ती आहेत तशी न चढवता आकाराने लहान करून घ्यावीत. नाहीतर पान उघडेपर्यंत पाहुणा दुसऱ्या घरी जातो.

छायाचित्रांच्या निवडीत मोरजीची एक जबाबदारी आहे. येथील तेंबवाड्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालण्यास येतात, आणि २०११ च्या किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग ही ठिकाणे कासवांची म्हणून नोंदलेली आहेत. पिल्ले उजेडाकडे ओढली जातात. किनाऱ्यावरचा झगझगाट त्यांना समुद्राऐवजी रस्त्याकडे नेतो. अशा गावाच्या संकेतस्थळावर रात्रीच्या शेकोट्यांची आणि दिव्यांच्या माळांची छायाचित्रे घालून पाहुण्यांस बोलावणे म्हणजे पुढे त्यांनाच ‘येथे हे चालत नाही’ असे सांगण्याची वेळ ओढवून घेणे होय. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास असलेली मनाई तर सर्वत्रच आहे. कासवे कोणत्या महिन्यांत येतात आणि कोठे जाऊ नये, हे लिहिलेले पान त्याहून अधिक दिवस पाहुणा टिकवील.

कायद्याच्या बाबी थोडक्यात. पाहुण्यांस भाड्याने खोली देणाऱ्याने गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा, १९८२ खाली पर्यटन खात्याकडे नोंदणी केली पाहिजे, आणि नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर दाखवावा. जाणता पाहुणा तो पाहतो. विदेशी पाहुणा उतरल्यास त्याची माहिती विहित वेळेत कळविण्याचे बंधन वेगळे आहे. खाद्यपदार्थ विकणाऱ्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक लागतो. गोव्याचे खाजे आणि हरमलची मिरची यांना २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ती नावे मानांकनासह वापरण्यापूर्वी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी. १ जुलै २०२० पासून सुरू असलेली उद्यम नोंदणी पूर्णतः निःशुल्क आहे. तिच्यासाठी पैसे मागणारी नकली संकेतस्थळे शोधयंत्रावर अनेकदा वरच दिसतात. संकेतस्थळावरून थेट पैसे घेऊन विक्री करावयाची असल्यास ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० पाहावेत. व्यवसायाचे नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार ऐकणाऱ्या व्यक्तीचे नाव दाखविणे, ४८ तासांत तक्रारीची पोच देणे व महिन्याच्या आत तिचे निवारण करणे त्यांत सांगितले आहे.

पैशांच्या बाबतीत एक फसवणूक वारंवार घडते. पाहुणा म्हणून कोणी दूरध्वनी करतो, आगाऊ रक्कम पाठवतो असे सांगतो, आणि ‘रक्कम जमा होण्यासाठी पिन घाला’ म्हणतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन घातला की पैसे जातात. फसगत झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठविता येण्याची शक्यता अधिक असते. डोमेनची मुदत संपत आल्याचे बिलासारखे पत्र ईमेलने आले तर त्यातील दुव्यावर न जाता रजिस्ट्रारच्या खात्यात स्वतः जाऊन तारीख पाहावी.

ही तारीख बहुधा विसरली जाते, आणि तीही पावसाळ्यात. मे महिन्यात हंगाम संपताना उत्साहाने नाव नोंदविले तर पुढील प्रत्येक वर्षी मुदत मे महिन्यातच संपणार, म्हणजे खोल्यांना कुलूप लागून मालक शेताकडे वळलेला असताना. ‘डॉट कॉम’ नावाची मुदत संपली की बहुधा महिना-दीड महिना नेहमीच्या दराने नूतनीकरणाची सवलत मिळते. त्यानंतर तीस दिवस जबर दंड भरून नाव सोडविता येते. मग पाच दिवसांनी ते कोणालाही खुले होते. हिशेब केला तर ऑगस्टचा मध्य येतो. चतुर्थीच्या तयारीत असलेल्या घराला ते कळत नाही, आणि ऑक्टोबरात खोल्या उघडाव्यात तेव्हा त्या नावावर दुसऱ्याचेच दुकान थाटलेले असते. नोंदणी करतानाच एकदम पाच वर्षांची मुदत घ्यावी, आणि संपण्याची तारीख कालनिर्णयाच्या त्या महिन्याच्या पानावर लिहून ठेवावी. पुढील वर्षी कालनिर्णय बदलताना ती नव्या पानावर उतरवून घ्यावी.